मांडीची पट्टी

“दोन सूत,” सासूबाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या.

“दोन की अडीच?” बाहेरून मामंजींचा आवाज आला.

“आता अर्धं सूत मी कुठून बघू? मला दोनच दिसतंय.”

“पट्टी आडवी धरू नकोस. प्लॅस्टिकची कड रुततेय तिथे शून्य ठेव आणि वळ कुठे संपतो ते बघ.”

मी डाव्या कुशीवर पडून होते. कमरेच्या वर चादर, गुडघ्याच्या खाली चादर, मधे उजव्या मांडीवर लालभडक वळ आणि त्यावर सासूबाईंनी टेकवलेली लोखंडी फूटपट्टी. माझे सासरे दाराबाहेर पाठमोरे उभे राहून आकडा टिपून घेत होते. सून झोपली असेल त्या खोलीत पाय टाकायचा नाही हा त्यांचा नियम होता, आणि माझं ऑपरेशन झालं म्हणून तो बदलायचं त्यांना काही कारण दिसलं नाही.

“अडीच धरतो,” ते म्हणाले. “दे इकडे ते.”

सासूबाईंनी मला उताणं केलं, चारही पट्टे सोडले, पुढचा भाग उचलला. मग लाटणं फिरवावं तसं अख्खं अंग एकदम कुशीवर वळवून मागचा भाग खालून ओढून काढला, आणि ते प्लॅस्टिकचं पांढरं धूड दोन्ही हातांनी दाराबाहेर सरकवलं.

“तासाभरात परत पाहिजे,” त्या म्हणाल्या. “तोवर पोरीला हलता यायचं नाही.”

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची, फलटणची. पुढे पेढी आणि मागे चार खोल्या असं आमचं बाजारपेठेतलं घर होतं. पाटीवर पोतदार सराफ लिहिलेलं असलं तरी मामंजींचा जीव विकण्यात नव्हता, घडवण्यात होता. लोक त्यांच्याकडे काय वाटेल ते घेऊन येत. चष्म्याची तुटलेली काडी, देवाच्या मूर्तीचा निखळलेला हात, एकदा तर एका मास्तरांची कवळी. मामंजी वस्तू उलटीसुलटी करून बघत आणि म्हणत, “कुणीतरी जोडलीय ना? मग सुटणार.” त्यांनी नाही म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

माझ्या कमरेचा एक मणका लहानपणापासूनच जागेवरून सरकलेला होता. बत्तिसाव्या वर्षी उजवा पाय बधिर व्हायला लागला तेव्हा ते कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन केलं, दोन मणके स्क्रूंनी एकमेकांना बांधले, माझ्याच खुब्याचं हाड काढून मधे भरलं, आणि ते जुळून येईपर्यंत तीन महिने हे घालायला दिलं. दवाखान्यात त्याला जॅकेट म्हणत. छातीपासून ओटीपोटापर्यंत पुढून आणि मागून अशी जाड प्लॅस्टिकची दोन टरफलं. उजव्या कुशीला स्टीलची एक पट्टी रिबिटं मारून ठोकलेली, आणि त्या पट्टीच्या खालच्या टोकाला आणखी एक नळकांडं, ज्यात माझी उजवी मांडी गुडघ्याच्या चार बोटं वरपर्यंत बंद. कंबर हलू द्यायची नसेल तर मांडीलाही धरून ठेवावं लागतं, असं डॉक्टरांनी समजावलं. माझ्या नवऱ्याला, विनायकला, त्यांनी माझ्यासमोरच बजावलं होतं, “चालू दे, उभं राहू दे, झोपू दे. खाली बसायचं नाही. मांडी घालायचं तर नावच काढायचं नाही.”

हे घालून दिवस कसा जातो ते सांगून कुणाला कळत नाही, तरी सांगते. सकाळी झोपल्या झोपल्या अंग पुसायचं. आत बनियन घालायचं तेही उलटं, शिवण बाहेर करून. त्याला एक सुरकुती राहिली तरी दुपारपर्यंत तिथे कातडं सोललेलं. साडी नेसणं बंद. माझी धाकटी जाऊ प्रतिभा हिनं दोन गाऊन बाजूला उसवून दिले होते, आलटून पालटून तेच. चालताना उजवा पाय काठीसारखा पुढे टाकायचा. बसायचं म्हणजे पेढीवरच्या उंच स्टुलाच्या कडेला नुसतं टेकायचं, पाय पुढे ताणून. शौचाला प्रतिभाच्या नवऱ्यानं, दिलीपभावजींनी, पुण्याहून आणलेली भोकाची खुर्ची होती, तिच्या चारी पायांखाली दोन दोन विटा. त्याबद्दल जास्त सांगत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात आत घाम साचायचा आणि खाज सुटली की विणायची सुई वरून आत घालावी लागायची. स्वतःची पावलं मला कित्येक आठवडे दिसली नाहीत. हातातून काही खाली पडलं की ते गेलंच. माझं हे एकदा बघून मामंजींनी हातभर लांबीचा पितळी चिमटा करून दिला, टोकाला दाते पाडलेला. त्यानं जमिनीवरची टाचणीसुद्धा उचलता यायची. प्रतिभाच्या दोन्ही मुलांनी माझं नाव कासव ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला राग येत नव्हता.

तर त्या दिवशी जॅकेट पन्नास मिनिटांत परत आलं. मांडीची कड कानशीनं अडीच सूत, म्हणजे पाव इंचाहून थोडी जास्त, उतरवली होती, गोल केली होती, आणि फडक्यानं घासून अशी गुळगुळीत केली होती की बांगडीच्या कडेवरून बोट फिरवल्यासारखं वाटत होतं. त्या दुपारी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मला सलग झोप लागली.

चार दिवसांनी जेवताना वास्तुशांतीचा विषय निघाला. बाजारातलं घर अपुरं पडत होतं म्हणून लक्ष्मीनगरात नवं बांधलं होतं. गुरुजींनी चौदा जूनचा मुहूर्त काढला होता. तो चुकला तर पुढचा दिवाळीनंतर. सगळे खाली पाटांवर बसून जेवत होते, मी ओट्यावर ताट ठेवून उभ्यानं. त्या दिवसांत घरातली सगळी बोलणी मला गुडघ्यांच्या खालून ऐकू यायची.

“बसायचं कुणी, ते गुरुजींना विचारलंस का?” सासूबाईंनी विनायकला विचारलं.

“विचारलं. दिलीप आणि प्रतिभा बसले तरी चालेल म्हणाले. नाहीतर मी बसतो आणि हिच्या जागी सुपारी ठेवू.”

“सुपारी?” मी वरून म्हणाले.

“बायको हजर नसेल तर सुपारी कमरेला खोचून बसतात. तशी रीत आहे.”

“मी हजर आहे.”

“अगं, पण तुला बसता कुठे येतंय?”

प्रतिभा घाईघाईनं म्हणाली, “ताई, आम्ही बसलो तरी घर तुमचंच आहे हो.”

ती मनापासून बोलली होती. म्हणूनच ते मला जास्त लागलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मला मूल नव्हतं. प्रतिभाला दोन मुलगे होते. नव्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे हवी ते मी कागदावर काढून दिलं होतं, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच. चौदा तारखेला दोनशे माणसं जेवायला येणार, आणि होमापुढे विनायकच्या शेजारी रिकामा पाट दिसणार, किंवा प्रतिभा दिसणार. त्यानंतर घरात कशातही मला कुणी विचारलं नाही तरी चालेल अशी सवय सगळ्यांना लागेल, असं माझ्या डोक्यात बसलं. सुपारीला कोण विचारतं? मला त्या पाटावर बसायचंच होतं. इतकं कशासाठीच मी त्याआधी हटून बसले नव्हते.

विनायकशी मी भांडून पाहिलं. तो म्हणाला, “वेडेपणा करू नकोस, दोन महिन्यांचा प्रश्न आहे.” त्याच्या लेखी दोन महिन्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेढीवर गिऱ्हाईक नव्हतं. मामंजी खाली त्यांच्या जागेवर बसून फुंकणीनं कसलासा टाका लावत होते. मी स्टुलाला टेकले.

“मामंजी, ही मांडीची पट्टी सुटेल का? एका दिवसापुरती?”

टाका पूर्ण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून जॅकेटच्या कुशीकडे बघत म्हणाले, “सुटेल. वर तीन रिबिटं आहेत. त्यांची डोकी कापली की पट्टीसकट मांडीचं सगळं बाजूला होईल. परत बसवताना रिबिटं नवी लागतील.” चष्मा खाली ओढून म्हणाले, “डॉक्टरांना विचारलंस?”

“विचारलं,” मी म्हणाले. “सकाळी तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा इथूनच फोन लागला. एका दिवसानं बिघडत नाही म्हणाले. वरचं मात्र काढू नका म्हणाले.”

“स्वतः बोलले ते?”

“हो.”

“मग करू.”

“घरात तुम्हीच सांगा,” मी म्हणाले. “मी सांगितलं तर ह्यांना वाटेल हट्ट करतेय.”

मी फोन केला नव्हता. फोनपर्यंत गेले होते, चिठ्ठीवरचा नंबर फिरवायला घेतला होता. ते काय म्हणतील ते मला माहीत होतं म्हणून रिसीव्हर परत ठेवला. ‘वरचं मात्र काढू नका’ हे मला आयत्या वेळी सुचलं, आणि ते सुचल्याचं मला मनातून बरंही वाटलं.

संध्याकाळी जेवताना मामंजी म्हणाले, “चौदा तारखेला सूनबाई बसेल. पट्टी मी काढून देतो.”

“आणि डॉक्टर?” विनायकनं विचारलं.

“ते झालंय.”

मामंजी एकदा झालंय म्हणाले की घरात पुन्हा कुणी विचारत नसे. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढायला लागल्या.

चौदा तारखेला सकाळी मी किती आठवड्यांनी साडी नेसले, जॅकेटच्या वरून. कमरेला एवढा फुगवटा आला होता की प्रतिभा निऱ्या करता करता हसायला लागली आणि तिच्याबरोबर मीही. विनायक आणि दिलीपभावजींनी दोन्ही बाजूंनी धरून मला पाटावर उतरवलं. उजवा पाय आत घेऊन मांडी घालताना कमरेत खोलवर काहीतरी ओढल्यासारखं झालं, पण दुखलं नाही. मी बसले. चार तास बसले.

चार तासांत मला काम एकच होतं. विनायक तूप सोडायचा, अक्षता टाकायचा, आणि गुरुजी दरवेळी म्हणायचे, “यजमानीणबाई, हाताला हात लावा.” मी माझा उजवा हात त्याच्या उजव्या दंडाला लावायची. एवढंच. पण येणारी प्रत्येक बाई आधी होमाकडे आणि मग माझ्याकडे बघत होती. मला फार आनंद झाला होता. तेवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

दक्षिणा घेताना गुरुजींना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं मांडीचं नळकांडं दिसलं. त्यांनी ते कसलं म्हणून विचारलं. विनायकनं सांगितलं.

“अहो, मग हे कशाला काढलंत?” गुरुजी म्हणाले. “ह्यांना उभं राहता येतं ना? शेजारी उभं राहून हात लावला असता तरी चाललं असतं. उंच स्टूल ठेवला असता. तुम्ही म्हणालात बसता येत नाही, मला वाटलं अंथरुणाला खिळलेल्या आहेत.”

सगळे हसले. एकमेकांना म्हणाले, बघा, साधं विचारायचं सुचलं नाही कुणाला. मीही हसले.

त्याच संध्याकाळी मामंजींनी पट्टी परत बसवली. स्टीलची रिबिटं त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी पितळेच्या तारेची तीन स्वतः केली. नुसती ठोकून सोडणं त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं. डोकी गोल करून, घासून, चकाकी आणूनच त्यांनी जॅकेट आत पाठवलं. सासूबाई पट्टे आवळताना म्हणाल्या, “दागिना केलाय म्हाताऱ्यानं.”

आठ-दहा दिवसांनी उजव्या तळव्याला मुंग्या यायला लागल्या. मी कुणाला सांगितलं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला दाखवायला जायचं होतंच. जीपच्या मागच्या बाजूला गादी टाकून मला झोपवून नेलं. विनायक होता, आणि मामंजीही निघाले. जॅकेट तयार करतात ती खोली त्यांना बघायची होती. साचा कसा घेतात, प्लॅस्टिक किती तापवतात, हे विचारायला त्यांनी चार प्रश्न एका कागदावर लिहून खिशात ठेवले होते.

डॉक्टरांनी आधी जॅकेट बघितलं. मग वाकून कुशीशी डोळे नेले.

“ही पितळी रिबिटं कुणी मारली?”

“मी,” मामंजी म्हणाले. मला वाटतं, कामाची तारीफ होईल असं त्यांना क्षणभर वाटलं असावं.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावला, त्याच्या शेजारी जुना लावला. बराच वेळ बघितलं. मग खालच्या एका स्क्रूवर पेन टेकवलं. “हा सैल झालाय. हाड धरलेलं नाही. पट्टी काढली होती? किती दिवस?”

“एकच दिवस,” विनायक म्हणाला. “वास्तुशांत होती. ही चार तास बसली होती.”

“मांडी घालून?”

“हो.”

“कुणाला विचारून?”

त्या खोलीत आम्ही चौघंच होतो. मामंजी माझ्याकडे वळले. तोंड उघडलेलं, काहीतरी सांगायच्या बेतात. मी काचेवरच्या एक्स-रेकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर कदाचित ते बोललेही असते. मी बघितलं नाही.

“चुकलं,” ते म्हणाले. “विचारायचं मला सुचलं नाही.”

“तुम्ही तर म्हणाला होतात झालंय!” विनायक ओरडला.

“माझा तसा समज झाला.”

“समज? अण्णा, हाड आहे ते! पाटली आहे का, सैल झाली की घट्ट करायला?”

“एका दिवसानंच झालं असं मला छातीठोक सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “कदाचित आधीपासूनही असेल. पण पुन्हा उघडावं लागेल.”

मामंजींनी मान हलवली. जॅकेटच्या खोलीत ते गेले नाहीत. कागद त्यांच्या खिशातच राहिला. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी उताणी पडून टपाकडे बघत होते. सांगून टाकावं असं मला सासवडला वाटलं. मग जेजुरीला वाटलं. लोणंदला चहासाठी थांबलो तेव्हा मामंजींनी बशीत ओतलेला चहा फुंकून गार करून मला पाजायला विनायककडे दिला, तेव्हाही वाटलं. त्यानंतर गाव आलं.

दुसरं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. नवं जॅकेट, नवी पट्टी, सहा महिने. त्यातून उठले. उजवं पाऊल मात्र अजून थोडं घासत चालतं.

सासूबाईंनी मामंजींशी महिनाभर अबोला धरला. ताट वाढायच्या, समोर सरकवायच्या आणि आत जायच्या. विनायकचं बोलणं ऑपरेशनानंतरही पुष्कळ दिवस तिखट होतं, मग हळूहळू ते थट्टेवर आलं. आणि मामंजींनी वस्तू दुरुस्त करणं सोडलं. दागिने घडवायचे, पण कुणी चष्मा घेऊन आलं, घड्याळ घेऊन आलं तर दुरूनच म्हणायचे, “हे माझं काम नव्हे. कंपनीकडे न्या.” लोकांना सुरुवातीला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मग लोक यायचे बंद झाले.

एकदा प्रतिभाच्या धाकट्याचा कंपास मोडला, मूल हट्टाला पेटलं, तर थोरला त्याला म्हणाला, “आजोबांना देऊ नकोस, ते काकूसारखं करून ठेवतील.” सगळे खो खो हसले. मामंजी जेवत होते, तेही हसले. मी तेव्हा खुर्चीवर बसून जेवायची. मीही हसले होते, आणि त्याची मला आज लाज वाटते.

मी सांगितलं का नाही? आधी ऑपरेशन होतं. मग जॅकेट होतं. मग जखम भरत आली होती, ती पुन्हा कशाला उकरायची असं वाटलं. मग इतके दिवस झाले होते की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेच मोठं झालं असतं. नव्या घरात मला सगळं विचारत होते, पडद्याच्या रंगापासून मुलांच्या शाळेपर्यंत. ते विचारणं बंद होईल याची भीती वाटायची. मामंजी माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. मी ठरवून टाकलं होतं की डॉक्टरांकडे नक्की काय झालं ते त्यांना नीट कळलंच नसावं. फोनवर माझ्याशी दुसराच कुणी बोलला असेल असं त्यांना वाटलं असावं. माणसाला सोयीचं असलं की असं ठरवता येतं.

मामंजी दोन हजार साली श्रावणात गेले, आठवडाभराच्या तापानं. चौदावा दिवस उलटला, पाहुणे पांगले. दुपारी स्वयंपाकघरात सासूबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी समोर खुर्ची ओढून बसले.

“आई, तुम्हाला एक सांगायचं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वीचं आहे.”

“फोनचं?” त्या म्हणाल्या. बोटं तांदळातून फिरतच होती.

 मी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“तुम्ही पुण्याहून आलात त्या दिवशीच. चपला काढायच्या आधी सांगितलं मला त्यांनी.”

“मग तुम्ही महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हतात, ते?”

“त्यासाठीच. मी म्हणत होते, विनायकला सांगा. पोटचा पोरगा वाट्टेल ते बोलतोय आणि तुम्ही गप्प काय बसलाय? ऐकेनात. म्हणाले, तिला पुन्हा टेबलावर जायचंय, आत्ता नको. बरी झाली की आपली आपण सांगेल.”

बरी होऊन मला आठ वर्षं झाली होती.

“मी तुझ्यावर फार चिडून होते, खोटं कशाला बोलू,” सासूबाई म्हणाल्या. “नव्या घरी राहायला जाईपर्यंत पेढीवर माणसं वस्तू घेऊन यायची, हे परत पाठवायचे आणि तू तिथंच स्टुलाला टेकलेली असायचीस. मला दरवेळी वाटायचं, आज बोलेल. ह्यांनाही वाटायचं. तू आत गेलीस की ते माझ्याकडे बघायचे.”

मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. एक खडा काढून बाजूला ठेवला.

“विनायकला सांगते,” मी म्हणाले. “आजच सांगते.”

“सांग. आता तो बिचारा काय करणार आहे?” सूप खाली ठेवून त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “ताप चढला ना, त्या दिवशी मी शेवटचं विचारलं. म्हटलं, आता तरी मी सांगू का त्याला? तर म्हणाले, थांब जरा. तिला अजून वेळ आहे.”